इशारा एकीकडे, दोष दुसरीकडे

क्यूटी वापरून अ‍ॅप लिहिणाऱ्या बहुतेकांनी कन्सोलवर एक ओळ कधी ना कधी पाहिलेली असते. पालक ऑब्जेक्ट वेगळ्या थ्रेडवर आहे, सबब त्याच्या पोटी अपत्य निर्माण करता येत नाही, असा तिचा आशय. ओळीच्या शेवटी कंसात तीन गोष्टी छापलेल्या असतात: पालक कोण, पालकाचा थ्रेड कोणता आणि आत्ता चालू असलेला थ्रेड कोणता. इतकी नेमकी माहिती मिळूनही या ओळीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, कारण अ‍ॅप बंद पडत नाही. विंडो उघडते, यादी भरते, बटणे दाबली की कामे होतात. त्या क्षणी आत काय घडले ते मात्र पाहण्यासारखे आहे. क्यूटीने नव्या ऑब्जेक्टला पालक नाकारलेला असतो. ऑब्जेक्ट जन्माला येते, पण बेवारस. पालक नष्ट होताना आपल्या अपत्यांनाही नष्ट करतो हा क्यूटीतल्या मेमरीच्या व्यवस्थेचा पाया; या एका ऑब्जेक्टपुरता तो निखळलेला असतो. टायमरच्या बाबतीत प्रकार याहून साधा आहे. दुसऱ्या थ्रेडवरून टायमर सुरू करता येत नाही अशी तक्रार छापून संबंधित फंक्शन शून्य परत करते आणि मोकळे होते. टायमर सुरू झालेलाच नसतो. वॉर्निंग म्हणजे पुढे काहीतरी बिघडू शकेल असे भाकीत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इथे तर बिघाड होऊन गेलेला असतो आणि वॉर्निंग ही त्याची नोंद असते.

हे पुस्तक अशा नोंदींबद्दल आहे. थ्रेड सुरू होताना, ऑब्जेक्ट जन्माला येताना, एखादी लायब्ररी पहिल्यांदा जागी होताना ज्या तक्रारी छापल्या जातात, त्या डेस्कटॉपवर आणि मोबाइलवर कशा वाचाव्यात आणि त्यांचे मूळ कसे शोधावे, एवढाच त्याचा आवाका. त्यातला मुख्य मुद्दा मी इथेच मांडतो, म्हणजे पुढची प्रकरणे त्याच्या उजेडात वाचता येतील. अशी वॉर्निंग ज्या ओळीवर छापली जाते ती ओळ बहुधा निर्दोष असते. दोष असतो त्याच्या बराच आधी: कोणते ऑब्जेक्ट कोणत्या थ्रेडवर, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर निर्माण झाले, यात. त्यामुळे दुरुस्तीही त्या जागीच करावी लागते. आपल्याकडे चालते ते बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जिथे तक्रार छापली गेली तिथे एक विलंब टाकायचा, एक तपासणी घालायची, नाहीतर तो मेसेजच गाळून टाकायचा, आणि रीलीजच्या तारखेकडे वळायचे.

मुळात थ्रेड टाळताच येत नाहीत, म्हणून हा व्याप. अँड्रॉइडवर मुख्य थ्रेड अडकून राहिला आणि वापरणाऱ्याच्या स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही, तर अ‍ॅप प्रतिसाद देत नसल्याची पाटी प्रणालीच दाखवते. अँड्रॉइड ३.० पासून, म्हणजे २०११ पासून, मुख्य थ्रेडवर नेटवर्कचे काम करायला घेतले की एक्सेप्शन फेकले जाते. डेस्कटॉपवर इतकी कडक शिस्त नाही, पण गोठलेली विंडो तिथेही कोणाला खपत नाही. तेव्हा जड काम दुसऱ्या थ्रेडवर न्यायचे आणि पडद्याला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा, ही विभागणी सगळ्यांनीच स्वीकारली आहे. अडचण या नियमाच्या पालनात कमी आणि त्याच्या पूर्वतयारीत जास्त येते. कोण कोणत्या थ्रेडचे, हे ठरण्याचा क्षण कोडमध्ये ठळकपणे दिसत नाही.

क्यूटीपुरते बोलायचे तर प्रत्येक क्यूऑब्जेक्ट ज्या थ्रेडवर निर्माण होते त्या थ्रेडचे असते. त्याचे टायमर त्या थ्रेडच्या इव्हेंट लूपवर वाजतात, दुसऱ्या थ्रेडवरून त्याला आलेले सिग्नल त्या थ्रेडच्या रांगेत पडतात. गंमत अशी, की क्यूथ्रेड हा क्लासही क्यूऑब्जेक्टच आहे, आणि तो ज्या थ्रेडचा कारभार पाहतो त्या थ्रेडवर तो स्वतः राहत नाही. ज्या थ्रेडवरून त्याला निर्माण केले तिथेच राहतो. नवखा प्रोग्रॅमर क्यूथ्रेडपासून आपला क्लास बनवतो, कन्स्ट्रक्टरमध्ये सॉकेट आणि टायमर तयार करतो, ‘रन’ फंक्शनात ते वापरतो आणि सगळे नव्या थ्रेडवर चालले आहे असे धरून चालतो. जमीन कसतो एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशी ही अवस्था. तंटा उभा राहिला की कागद पाहिला जातो, आणि कागदावर मुख्य थ्रेडचे नाव निघते. यावर उपाय म्हणून सांगितली जाणारी पद्धतही डोळे मिटून वापरण्यासारखी नाही. कामाचा वेगळा वर्कर क्लास करायचा आणि त्याचे ऑब्जेक्ट ‘मूव्हटूथ्रेड’ने नव्या थ्रेडवर पाठवायचे, ही पद्धत योग्यच आहे. पण हे फंक्शन ऑब्जेक्टबरोबर त्याची अपत्ये हलवते, आणि अपत्ये म्हणजे ज्यांना पालक म्हणून त्या वर्करचे नाव लावलेले आहे तेवढीच. वर्करचा सदस्य म्हणून जाहीर केलेला, पण कन्स्ट्रक्टरमध्ये ‘धिस’ हा एक शब्द पालक म्हणून न दिलेला टायमर जुन्याच थ्रेडवर मागे राहतो. पुढे वर्कर नव्या थ्रेडवर जाऊन तो टायमर सुरू करायला जातो आणि वॉर्निंग छापली जाते. तक्रार टायमर सुरू करण्याच्या ओळीवर असते. दुरुस्ती दुसऱ्या फाइलमधल्या कन्स्ट्रक्टरमध्ये, एका शब्दाची.

याहून फसवा प्रकार सिंगलटनचा. सी++च्या २०११च्या मानकाने फंक्शनाच्या आतल्या स्टॅटिक चलाची निर्मिती थ्रेडच्या दृष्टीने सुरक्षित केली. दोन थ्रेड एकाच वेळी तिथे पोचले तरी ऑब्जेक्ट एकदाच तयार होते, दुसरा थ्रेड तोवर थांबून राहतो. तेव्हापासून गरज पडेल तेव्हा जन्माला येणारा सिंगलटन ही एक सोयीची सवय होऊन बसली. पण मानकाने दिलेली हमी ऑब्जेक्ट एकदाच तयार होण्याची आहे. ते कोणाच्या थ्रेडवर तयार होईल याबद्दल मानक काहीच म्हणत नाही. पहिला जो विचारील त्याच्या थ्रेडवर जन्म, असा तो व्यवहार आहे. सेटिंग्ज सांभाळणारा एखादा सिंगलटन घ्या, ज्याच्या आत बदल ठरावीक वेळाने डिस्कवर लिहिणारा टायमर आहे. लिहिणाऱ्याच्या संगणकावर पडदा उभारताना मुख्य थ्रेड त्याच्याकडे आधी पोचतो आणि सगळे सुरळीत चालते. ग्राहकाच्या फोनवर जुना डेटा आणायला पाठवलेला थ्रेड आधी पोचतो आणि सिंगलटन त्या थ्रेडचा होऊन बसतो. आता पुढचे पाहा. तो थ्रेड सी++च्या प्रमाण लायब्ररीतला असेल, तर टायमर फक्त क्यूथ्रेडने सुरू केलेल्या थ्रेडवरच चालतात अशी तक्रार क्यूटी छापते. तो क्यूटीच्याच थ्रेडपूलमधला असेल तर तक्रारही नाही. पूलमधला थ्रेड क्यूथ्रेडच असल्यामुळे टायमर रीतसर नोंदला जातो. फक्त त्या थ्रेडवर इव्हेंट लूप फिरतच नसल्यामुळे तो कधीच वाजत नाही. शिवाय पूलमधला रिकामा थ्रेड, वेगळे काही ठरवले नसेल तर, ३० सेकंदांनी निरोप घेतो आणि मागे थ्रेड नसलेला सिंगलटन उरतो. सेटिंग्ज जतन होत नाहीत ही ग्राहकाची तक्रार येते तेव्हा लॉगमध्ये थ्रेडचा उल्लेखसुद्धा नसतो. दोष दोन्हीकडे एकच. एकीकडे वॉर्निंग मिळाली, दुसरीकडे मिळाली नाही, आणि ज्याला मिळाली तो भाग्यवान. वॉर्निंग गप्प करणारा माणूस आपल्या हाताने पहिल्या प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर करत असतो.

हाच न्याय प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या क्षणांना लागू होतो. क्यूटीचे दस्तऐवज स्पष्ट सांगतात, की क्यूअ‍ॅप्लिकेशन हे सर्वांत आधी जन्मणारे आणि सर्वांत शेवटी नष्ट होणारे क्यूऑब्जेक्ट असावे. त्यामुळे स्टॅटिक क्यूऑब्जेक्टना मान्यता नाही. नियम जाचक वाटतो, पण त्यामागचे कारण भाषेतच आहे. सी++मध्ये वेगवेगळ्या फाइलींतल्या जागतिक चलांचा निर्मितिक्रम ठरलेला नसतो. क्यूटीच्या बऱ्याच आवृत्त्यांत तर पहिले क्यूऑब्जेक्ट ज्या थ्रेडवर निर्माण झाले तोच मुख्य थ्रेड, असे धरले जात असे. कोणा प्लगिनमधले एक जागतिक ऑब्जेक्ट वेगळ्याच थ्रेडवर लोड झाले, की मागाहून सरळ ‘मेन’मध्ये निर्माण केलेल्या क्यूअ‍ॅप्लिकेशनलाच ‘तुझा जन्म मुख्य थ्रेडवर झाला नाही’ असे ऐकून घ्यावे लागे. कोड वाचणारा ‘मेन’ फंक्शन पुन्हा पुन्हा वाचतो. तिथे काही सापडणार नसते.

एकच प्रोग्रॅम डेस्कटॉपवर आणि मोबाइलवर नेणाऱ्याला या सगळ्याचा अनुभव दुप्पट येतो. डेस्कटॉपवर ‘मेन’ ज्या थ्रेडवर चालते तोच पडद्याचा थ्रेड. आयओएसवर क्यूटी काही कसरती करते, पण थ्रेड एकच राहतो. अँड्रॉइडवर चित्र बदलते. तिथे अ‍ॅपची सुरुवात जावाच्या बाजूने होते, अँड्रॉइडच्या मुख्य थ्रेडवर, आणि क्यूटी आपले ‘मेन’ दुसऱ्या थ्रेडवर सुरू करते. म्हणजे एका अ‍ॅपमध्ये दोन मुख्य थ्रेड नांदू लागतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. क्यूटीच्या बाजूने जावाचे एखादे फंक्शन बोलावून छोटासा टोस्ट दाखवायला जावे, तर अँड्रॉइड सांगते की ज्या थ्रेडवर लूपर तयार केलेला नाही तिथे हँडलर बनवता येत नाही. मेसेज वाचून लोक त्या थ्रेडवर लूपर तयार करून टाकतात. मेसेजमध्ये ‘लूपर तयार केलेला नाही’ असे म्हटले असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण तो सल्ला नाही, परिस्थितीचे वर्णन आहे. काम अँड्रॉइडच्या मुख्य थ्रेडवर पाठवायला हवे होते, आणि तसे पाठवण्याची सोय क्यूटी ५ आणि क्यूटी ६ या दोन्हींत, वेगवेगळ्या नावांनी, आहे. डेस्कटॉपवर वर्षभर चाचण्या केल्या तरी हा दोष दिसणार नाही, कारण तिथे दुसरा मुख्य थ्रेडच नाही.

विंडोजवर हीच कथा कॉमच्या रूपाने येते. कॉम वापरायचे तर प्रत्येक थ्रेडला आधी आपली राहणी जाहीर करावी लागते: एकट्याचे अपार्टमेंट की अनेकांचे सामायिक. एकदा निवड झाली की दुसऱ्याने येऊन वेगळी निवड करण्याचा प्रयत्न केला तर त्याला ‘पद्धत बदलता येणार नाही’ अशा अर्थाचा एरर-कोड मिळतो. क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-ड्रॉप ज्या ओएलईवर उभे आहेत त्याला एकट्याचेच अपार्टमेंट लागते. क्यूटीची विंडो उघडण्याआधी एखाद्या दुसऱ्या लायब्ररीने तो थ्रेड सामायिक म्हणून नोंदवून टाकला असेल, तर ओएलईची सुरुवात फसल्याची ओळ कन्सोलवर येते, अ‍ॅप चालू राहते आणि ड्रॅग-ड्रॉप मुके होते. पायथनमध्ये तर हे नुसत्या इम्पोर्टच्या क्रमाने घडते. कॉमचा वापर करणारी काही पॅकेजेस इम्पोर्ट होतानाच थ्रेडची नोंदणी उरकतात; म्हणून फाइलच्या माथ्यावरच्या दोन ओळींची अदलाबदल केली की दोष येतो किंवा जातो. वर्णानुक्रमाने इम्पोर्ट लावून देणारे एखादे निरुपद्रवी साधन चालवल्यावर ड्रॅग-ड्रॉप का बंद पडले, हे कोणी कसे ओळखावे? ओळखण्याची एकच वाट आहे, ती म्हणजे ती दुर्लक्षित ओळ. लिनक्सवरच्या एक्सलिबमध्येही थ्रेडची तयारी करणारे फंक्शन लायब्ररीतल्या इतर कोणत्याही फंक्शनाच्या आधी बोलवावे असा नियम होता, आणि तो इतका मोडला गेला की २०२२ साली लायब्ररीच्या १.८ आवृत्तीने ही तयारी लोड होतानाच आपोआप करण्याचे ठरवले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: ‘पण चालतंय ना?’ याला उत्तर अँड्रॉइडच्याच अंतरंगात मिळते. ज्या थ्रेडने पडद्यावरचे घटक उभारले त्यानेच त्यांना हात लावावा, ही तपासणी प्रत्येक घटकात नसते. ती घटकांच्या झाडाच्या मुळाशी बसलेल्या वर्गात असते. अ‍ॅक्टिव्हिटीच्या ‘ऑनक्रिएट’मध्ये ते झाड अजून मुळाला जोडलेलेच नसते. त्यामुळे तिथून लगेच सुरू केलेल्या दुसऱ्या थ्रेडने मजकूर बदलला तर तो बिनबोभाट बदलतो. त्याच थ्रेडला अर्धा सेकंद उशीर झाला, की तोच कोड, तीच ओळ, आणि अ‍ॅप कोसळते. नियम पहिल्या वेळीही मोडला होता. पाहणारा अजून जागेवर आला नव्हता, इतकेच. तेव्हा ‘चालतंय’ या निरीक्षणातून फार तर एवढेच सिद्ध होते, की आजच्या यंत्रावर, आजच्या वेगाने, क्रम आपल्या बाजूने पडला. सुरुवातीच्या काळातले थ्रेडचे दोष सगळ्यात जास्त याच कारणाने हुलकावणी देतात. तेव्हा सगळेच एकदम जागे होत असते, आणि कोण आधी पोचेल हे प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क मिळून ठरवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रोग्रॅमरने हे ओझे का वाहावे? टूलकिटनेच आतून लॉक लावून कोणत्याही थ्रेडला मुभा का देऊ नये? हा विचार करून झालेला आहे, प्रयोगही झालेले आहेत. जावाच्या एडब्ल्यूटीचा मूळ उद्देश सर्व थ्रेडना मोकळीक देण्याचाच होता. स्विंगने मात्र एका थ्रेडचा नियम पत्करला. सन मायक्रोसिस्टिम्समधले ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ साली याची मीमांसा केली, ती आजही पटते. वापरणाऱ्याची क्लिक खालून वर येते: ऑपरेटिंग सिस्टिमकडून टूलकिटच्या थरांतून अ‍ॅपकडे. अ‍ॅपचे हुकूम वरून खाली जातात. प्रत्येक थराने आपले लॉक घेतले तर दोन वाटसरू तीच लॉक उलट क्रमाने घेणार, आणि एक ना एक दिवस दोघे एकमेकांची वाट पाहत उभे राहणार. कष्ट केले तर हे निस्तरता येते, पण ते कष्ट टूलकिट लिहिणाऱ्यापुरते मर्यादित राहत नाहीत. त्यावर अ‍ॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो क्रम पाळावा लागतो. बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमने दुसरी वाट धरून प्रत्येक विंडोला तिचा स्वतंत्र थ्रेड दिला, आणि तिच्या चपळाईचे कौतुकही झाले. पण तिथेही विंडोचे लॉक घेतल्याशिवाय तिच्यातल्या घटकांना हात लावायची मुभा नव्हती. ओझे खांद्यावरून उतरले नाही, एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेले.

स्विंगच्या इतिहासातला एक तपशील तर आपल्या विषयाच्या थेट मर्मावर बोट ठेवतो. सुरुवातीला सनचा नियम होता, की घटक पडद्यावर येईपर्यंत, किंवा येण्याच्या बेतात येईपर्यंत, तो कोणत्याही थ्रेडवर बांधायला हरकत नाही. एकदा तो दिसू लागला की इव्हेंट थ्रेडशिवाय कोणी हात लावायचा नाही. म्हणजे आरंभापुरती सूट. ही सूट तर्काला पटण्यासारखी होती: जे अजून कोणाला दिसतच नाही त्याच्याशी भांडण कोण करणार? पण घटक दिसण्याआधीच आतल्या आत कामाला लागतात, आपापल्या श्रोत्यांना खबरी देऊ लागतात, आणि बांधकाम संपल्याची वाट न पाहता इव्हेंट थ्रेड मध्ये येतो. पुढे सनने आपल्या शिकवणीतला सल्ला बदलला आणि विंडोचे बांधकामसुद्धा इव्हेंट थ्रेडवरच करायला सांगितले. स्विंगच्या उदाहरणांतले ‘मेन’ तेव्हापासून एक काम रांगेत टाकून बाजूला होते. टूलकिटच्या जनकांनी विचारपूर्वक दिलेली सूट जर टिकली नाही, तर ‘सुरुवातीलाच आहे, चालून जाईल’ या आपल्या अंदाजाची किंमत काय करायची?

तिसरा आक्षेप नव्या भाषांच्या बाजूने येतो. को-रूटीन, अ‍ॅसिंक-अवेट, अ‍ॅक्टर आल्यावर थ्रेडची चर्चा जुनाट झाली, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. स्विफ्टने २०२१ साली मुख्य थ्रेडचे बंधन टाइपमध्येच लिहायची सोय आणली, आणि २०२४च्या स्विफ्ट ६ने त्याचा भंग कंपाइल होतानाच चूक म्हणून धरायला सुरुवात केली. आपला सगळा तंटा जर कोड चालण्यापूर्वीच मिटणार असेल तर त्याहून चांगले काय? पण को-रूटीनने मुख्य थ्रेड नाहीसा होत नाही. त्याला डिस्पॅचर नावाचा दरवान मिळतो, आणि त्या दरवानालाही आधी कामावर रुजू व्हावे लागते. कॉटलिनमध्ये मुख्य डिस्पॅचर चालताना शोधून लोड केला जातो. संगणकावर चालवलेल्या साध्या युनिट टेस्टमध्ये अँड्रॉइडचा लूपरच नसतो, म्हणून डिस्पॅचर सुरू होऊ शकला नाही असे एक्सेप्शन येते. हा थ्रेडच्या आरंभाचाच प्रश्न आहे, नव्या कपड्यांत. आणि ज्यांच्याकडे दहा वर्षांचा सी++ किंवा जावा कोड चालू आहे, त्यांना भाषा बदलण्याचा सल्ला देऊन सुटका होत नाही.

वाईट उपचारांपैकी एकाची नोंद इथेच करतो, कारण तो उपचार वाटतो. एका थ्रेडवरून दुसऱ्यावर सिग्नल पाठवताना त्यातला स्वतःचा टाइप क्यूटीकडे नोंदलेला नसेल, तर या टाइपची मूल्ये रांगेत टाकता येत नाहीत अशी वॉर्निंग येते. टाइपची नोंदणी करा, असा उपायही त्याच मेसेजमध्ये लिहिलेला असतो. तरीही अनेक ठिकाणी याचा इलाज म्हणून जोडणी थेट पद्धतीची केली जाते. वॉर्निंग नाहीशी होते, सिग्नलही पोचतो. फरक एवढाच, की आता स्लॉट पाठवणाऱ्याच्या थ्रेडवर धावतो आणि घेणाऱ्याच्या डेटाला तिकडून हात घालतो. आधी फक्त निरोप पोचत नव्हता. आता दोन थ्रेड एकाच मेमरीत एकाच वेळी लिहू लागले. असा दोष पुढे शोधायचा तर थ्रेड सॅनिटायझरसारखे साधन लागते, आणि त्याखाली प्रोग्रॅम साधारण ५ ते १५ पट मंद चालतो. त्याउलट अ‍ॅपलने २०१७ साली एक्सकोड ९ बरोबर दिलेला मेन थ्रेड चेकर केवळ १ ते २ टक्के प्रोसेसर खातो. आरंभीची स्वस्त साक्ष पुसून टाकायची आणि मग महागडा तपास लावायचा, हा व्यवहार मला कधीच समजलेला नाही.

तपासाची पद्धत पुढील प्रकरणांत सविस्तर आहे; तिचा कणा एवढाच. क्यूटीचे फेटल वॉर्निंगचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावले की पहिल्याच वॉर्निंगला प्रोग्रॅम थांबतो आणि स्टॅक ट्रेस हाती येतो. पण तो ट्रेस तक्रारीच्या जागेचा असतो, जन्माच्या जागेचा नाही. म्हणून मेसेजच्या साच्यात थ्रेडचा क्रमांक छापायला लावायचा, प्रत्येक थ्रेडला सुरू करतानाच नाव द्यायचे आणि संशयित क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘मी अमुक थ्रेडवर जन्मलो’ अशी एक ओळ टाकायची. मग वॉर्निंगमधले थ्रेडचे पत्ते आणि जन्माच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या की बहुतेक प्रकरणे तिथेच सुटतात. नाव न दिलेल्या थ्रेडांच्या गर्दीत हेच काम दिवसभर पुरते.

प्रत्येक वॉर्निंग दोष दाखवते, असा माझा दावा नाही. एखाद्या मोठ्या यजमान प्रोग्रॅमच्या आत प्लगिन म्हणून क्यूटीची विंडो उघडायची असेल, तर यजमानाचा मुख्य थ्रेड आपल्या हाती नसतो, आणि क्यूअ‍ॅप्लिकेशन वेगळ्या थ्रेडवर निर्माण करणे हा तिथे जाणूनबुजून घेतलेला निर्णय असू शकतो. विंडोजवर तो निभावतो. मॅकओएसवर निभावत नाही, कारण तिथे विंडोचा कारभार मुख्य थ्रेडनेच करायचा असा अ‍ॅपकिटचा दंडक आहे. अशा वेळी वॉर्निंग तशीच राहू द्यावी, आणि ती का राहू दिली, कोणत्या प्लॅटफॉर्मपुरती राहू दिली, हे कोडमध्ये तिच्या कारणाशेजारी लिहून ठेवावे. न तपासता दुर्लक्षिलेली आणि तपासून स्वीकारलेली वॉर्निंग कन्सोलवर सारखीच दिसते; फरक फक्त त्या लिहिलेल्या दोन ओळींचा असतो.

पुस्तकातली उदाहरणे क्यूटी ६, अँड्रॉइड आणि विंडोज यांभोवती आहेत. आयओएसचा भाग तुलनेने छोटा आहे. मेसेजचे मूळ शब्द सरावाने ओळखता यावेत म्हणून ते प्रत्येक प्रकरणात जसेच्या तसे दिले आहेत. वाचकाला एक विनंती: कोडचा कोणताही तुकडा वाचायला घेताना त्यातले प्रत्येक ऑब्जेक्ट कोणत्या थ्रेडवर जन्मते ते आधी पेन्सिलीने समासात लिहावे, आणि मगच मी दिलेले उत्तर पाहावे.